अनुभवाच्या दाखल्यावर तारखा लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या अंकात गेल्या आठवड्यात एका वाचकांचं पत्र आलं होतं. सरकारी पैशावर शिकायचं, पीएच.डी. व्हायचं आणि मग परदेशातल्या विद्यापीठात नोकरी धरून इथल्या पोरांना वाऱ्यावर सोडायचं, असं करणाऱ्या प्राध्यापकांना त्यांनी चांगलंच फैलावर घेतलं आहे. त्या प्राध्यापकांत मी मोडते. विक्रोळीच्या कन्नमवारनगरात वाढले, मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्रात पीएच.डी. केली, २०१२ पासून मुंबईतल्या तीन कॉलेजांत शिकवलं आणि २०२३ च्या ऑक्टोबरपासून जर्मनीत ग्योटिंगेनच्या विद्यापीठात संशोधक म्हणून काम करते आहे. सध्या गणपतीसाठी घरी आले आहे. फैलावर घेतल्याचं फारसं वाईट वाटलं नाही. आई ते काम दर रविवारी फोनवर करतेच.

लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणानं. परवा कुर्ल्याला हार्बरच्या फलाटावर एक जुनी सहकारी भेटली. आम्ही दोघी एकाच स्टाफरूमच्या दाराजवळच्या दोन खुर्च्यांवर बसायचो. कायम प्राध्यापकांची कपाटं आतल्या बाजूला असायची. तिला आयर्लंडमधल्या एका विद्यापीठाकडून नेमणुकीचं पत्र आलं आहे. मला वाटलं, थंडीबद्दल विचारेल, घरभाड्याबद्दल, मुलाच्या शाळेबद्दल विचारेल. तिनं हातातली प्लास्टिकची फाइल उघडली आणि विचारलं, "अगं, तू अनुभवाचे दाखले कसे मिळवलेस?" आम्ही दोन गाड्या सोडल्या.

ज्यांच्या घरात कुणी सीएचबीवर नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सीएचबी म्हणजे 'क्लॉक अवर बेसिस', मराठीत तासिका तत्त्व. कॉलेजात कायम जागा रिकामी असते, ती भरली जात नाही, पण मुलांना शिकवायचं तर असतंच. मग जुलै-ऑगस्टमध्ये मुलाखत होते, नेमणुकीचं पत्र मिळतं आणि जितके तास शिकवाल तितके पैसे. महिनाअखेरीला आपणच बिल भरून द्यायचं. दिवाळीच्या सुट्टीचे पैसे नाहीत, परीक्षेच्या काळाचे नाहीत, एप्रिल-मेचे तर नाहीतच. मार्चमध्ये नेमणूक संपते. पुढच्या जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा तीच मुलाखत, त्याच टेबलापलीकडे तेच विभागप्रमुख, आणि तेही बिचारे ओशाळून विचारतात, "हं, स्वतःबद्दल सांगा." विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१९ मध्ये अतिथी प्राध्यापकांना तासाला १५०० आणि महिन्याला जास्तीत जास्त ५० हजार रुपये द्यावेत असं पत्रक काढलं होतं. ते पत्रक आमच्या स्टाफरूमच्या फलकावर बरेच दिवस लावलेलं होतं. आम्ही ते वाचायचो.

पैशांची रड या पत्रात घालायची नाही, ती आपल्या अंकात बऱ्याचदा येऊन गेली आहे. मला सांगायचं आहे ते दाखल्यांबद्दल.

ग्योटिंगेनला माझी निवड झाली तेव्हा मी समजत होते की अडेल ते पदवीवर. जर्मनीत 'अनाबीन' नावाची सरकारी यादी आहे, जगभरातल्या विद्यापीठांची. नावापुढे 'एच प्लस' असेल तर ते विद्यापीठ त्यांना मान्य. मुंबई विद्यापीठापुढे ते आहे. तो प्रश्न चहा निवायच्या आत सुटला. त्यानंतर विद्यापीठाच्या मनुष्यबळ कार्यालयातल्या बाईंची ई-मेल आली. तिथल्या राज्य सरकारी नोकऱ्यांचा पगार एका करारानं ठरतो. पीएच.डी. झालेल्या संशोधकाला ई-१३ हा गट मिळतो, त्या गटात सहा पायऱ्या असतात. पहिल्या पायरीवर एक वर्ष, दुसरीवर दोन, तिसरीवर तीन, असं वर चढायचं. पण आधीचा त्याच प्रकारचा अनुभव असेल तर थेट वरच्या पायरीवर घेतात. विद्यापीठातलं, कॉलेजातलं काम त्यात धरतात. एकेका पायरीत महिन्याला काहीशे युरोंचा फरक पडतो. बाईंनी मागितलं होतं ते अगदी साधं होतं: प्रत्येक नोकरीचा दाखला, त्यावर कधीपासून कधीपर्यंत, आणि पूर्णवेळेच्या किती टक्के.

दहा वर्षांत मला कुणी असं काही लिहून दिलं नव्हतं.

पहिल्या कॉलेजात गेले. हेडक्लार्क ओळखीचे. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "मॅडम, सीएचबीवाल्यांना अनुभवाचा दाखला नसतो. तुम्ही नोकरीला नव्हताच ना." हे ते हेटाळणीनं म्हणाले नाहीत. त्यांच्या लेखी ती वस्तुस्थिती होती. सेवापुस्तक नाही, प्रॉव्हिडंट फंड नाही, म्हणजे नोकरी नाही. मग मी पाच वर्षं इथे कोण म्हणून येत होते, हे विचारायचं तोंडावर आलं होतं, पण काम करून घ्यायचं होतं, म्हणून चहा घेतला. तीन फेऱ्यांनंतर त्यांनी प्राचार्यांच्या सहीनं एक कागद दिला. त्यावर होतं की सदर व्यक्तीनं 'वेळोवेळी' अध्यापन केलं आहे. वेळोवेळी! जर्मन भाषांतरकारानं मला फोन करून विचारलं की या शब्दाचं नेमकं काय करू.

दुसऱ्या कॉलेजानं दाखला चटकन दिला, त्यावर फक्त तासिकांची बेरीज होती. अमुक वर्षी २१४, तमुक वर्षी १९८, तारीख एकही नाही. त्यांच्या बिलबुकात तेवढंच असतं, त्यामुळे त्यांनी तेवढंच लिहिलं, त्यांना दोष देत नाही. बाईंची उलट ई-मेल आली की २१४ तास म्हणजे साधारण पाच-सहा आठवड्यांची पूर्णवेळ नोकरी झाली, बरोबर ना? त्यांच्या हिशेबानं बरोबरच होतं. तासाभराच्या लेक्चरसाठी आदल्या रात्री घातलेले दोन तास, प्रॅक्टिकलची तयारी, जर्नल तपासणं, विक्रोळी ते कुर्ला, कुर्ला ते पुढे हार्बर, यातलं काही त्या आकड्यात नव्हतं. त्या रात्री मी स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी उभं राहून हिशेब मांडला. आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाचा पूर्ण अध्यापनभार आठवड्याला १६ तास. मी घेत होते ९. म्हणजे ५६ टक्के. हा हिशेब मी बाईंना नियमाच्या प्रतीसह पाठवला. त्यांनी तो लगेच मान्य केला. वर, कागदावर काय आहे ते समजावून सांगितल्याबद्दल आभार मानले. म्हणजे अडचण जर्मनीत नव्हती. आपल्याकडे तो हिशेब कुणी कागदावर मांडत नाही एवढंच.

मग आणखी एक प्रश्न आला. दरवर्षी एप्रिल ते जुलै तुम्ही काय करत होता? नऊ नेमणूकपत्रं आणि मध्ये आठ भोकं. मी खरं तेच लिहिलं. एप्रिल-मेमध्ये उत्तरपत्रिका तपासणी, जूनमध्ये प्रवेशाच्या खिडकीवर फॉर्म तपासून देणं, कारण तिथे दिसलं नाही तर जुलैच्या मुलाखतीत नाव मागे पडतं. आणि उरलेल्या वेळात टागोरनगरच्या एका क्लासमध्ये बारावीची मुलं. एका वर्षाचं भोक मोठं होतं. २०१५ मध्ये मुलगी झाली. सीएचबीला प्रसूती रजा कुठली असायला, मी त्या वर्षी अर्जच केला नाही, आणि परतले तर माझे तास दुसऱ्या बाईंना गेले होते. तिचीही चूक नाही, ती माझ्यासारखीच होती. ते वर्ष आपल्या खात्यात नाहीच, असं मी धरून चालले होते. पुढे ग्योटिंगेनला कळलं की तिथल्या कायद्यात पीएच.डी.नंतर विद्यापीठात मुदतीच्या करारावर राहायला सहा वर्षांची मर्यादा आहे, आणि प्रत्येक मुलामागे ती दोन वर्षांनी वाढू शकते. हे मी लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "मग अजून एक बाळ आण ना." आजीला हे फार आवडलं.

आता तिसरं कॉलेज. तिथे मी सगळ्यात आधी शिकवलं होतं. तेव्हाचे प्राचार्य गेले, क्लार्क बदलले, कार्यालय नव्या इमारतीत हललं. नव्या क्लार्कनं सरळ सांगितलं की २०१४ च्या आधीचं काही सापडणार नाही. मी जिना उतरत होते तर प्रयोगशाळेतले मामा भेटले. माझ्या वेळी टायट्रेशनची ब्युरेट, म्हणजे मापाची काचनळी, फुटली की मुलाचं नाव न लिहिता त्याला वाचवणारे. त्यांना म्हटलं, मामा, जुनं मस्टर पाहिजे. ते काही न बोलता पुढे झाले. जुन्या इमारतीच्या माळ्यावर गोण्या होत्या. एका पावसात छप्पर गळल्यामुळे वरच्या भिजून त्यांचा लगदा झालेला. खालच्या तिसऱ्या गोणीत २०१२-१३ चं हजेरीपत्रक निघालं. पानांना वाळवी लागली होती, पण माझ्या सह्या होत्या: ऑगस्टच्या पहिल्या सहीपासून मार्चच्या शेवटच्या सहीपर्यंत, निळ्या शाईत, आणि एका शनिवारी लाल रेघ, कारण लोकल बंद पडली होती आणि मी दादरहून चालत आले होते. त्या पानांच्या साक्षांकित प्रतींवर क्लार्कनं दाखला दिला. मला मिळालेल्या सगळ्या दाखल्यांत तारखा असलेला तो एकच.

अखेर बाईंनी हिशेब करून मला तिसऱ्या पायरीवर घेतलं. पत्रात एक तक्ता होता. त्यात माझ्या कॉलेजांची नावं, महिने, टक्के, शेवटी बेरीज. माझा नवरा पेढे आणायला निघाला होता. मी मात्र त्या तक्त्याकडे बघत बसले. माझ्या वर्षांची बेरीज पहिल्यांदा कुणीतरी केली होती आणि ती करणारी बाई मला कधी भेटली नव्हती. मला त्या रात्री आनंदापेक्षा राग जास्त आला, हे कबूल करते. पेढे आले, खाल्लेही.

तिकडे सोनं पिकतं असं सांगायला हे पत्र नाही. माझा करार तीन वर्षांचा आहे आणि पुढच्या सप्टेंबरअखेर संपतो. जर्मनीत प्राध्यापकाची कायम जागा मिळणं महाकठीण आहे. वर सांगितलेला सहा वर्षांचा नियम २००७ च्या कायद्यातला. त्या कायद्याची भलामण करायला तिथल्या शिक्षण मंत्रालयानं एक चित्रफीत काढली होती. तिच्यात 'हाना' नावाची काल्पनिक संशोधक होती, आणि करार मुदतीचे असले की जागा तुंबत नाहीत, असं समजावलं होतं. २०२१ मध्ये हजारो संशोधकांनी 'इश बिन हाना', म्हणजे 'मीच ती हाना', असं म्हणत आपापल्या करारांच्या कहाण्या जाहीर केल्या. माझ्या प्रयोगशाळेतला चाळिशी ओलांडलेला एक सहकारी असेच करार एकापुढे एक जोडत आला आहे. जेवताना त्याला मी सीएचबी समजावून सांगत होते. त्यानं एकच विचारलं, "पण तुझ्या प्रत्येक करारावर तारखा होत्या ना?" मी बटाटे खात राहिले.

बाकी, नवीन देशात जाणं म्हणजे काय, याबद्दल लोक फार विचारतात, त्याचं थोडक्यात. भाड्याचं घर घेतलं तर त्यात स्वयंपाकघर नव्हतं. म्हणजे खोली होती, पण ओटा, नळ, शेगडी काही नाही, आधीचे भाडेकरू सगळं उचकटून घेऊन गेलेले, आणि तिथे ही रीतच आहे. पहिला आठवडा मी न्हाणीघरात तांदूळ धुतले. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत महापालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो, आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. कर क्रमांक, विमा, बँक, सगळं टपालानं येतं, आणि पत्रपेटीवर तुमचं आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. कन्नमवारनगरात पोस्टमन बाबांच्या नावाचं पत्र वाण्याकडे ठेवायचा. मी पेटीवर आडनाव चिकटवलं तेव्हा मराठीतही लिहिलं होतं. ते शेजारच्या आजींनी काढायला लावलं नाही, पण विचारलं मात्र.

एक गोष्ट मात्र मला इथल्या मुलांना सांगायची आहे. प्रथम वर्ष बी.एस्सी.ला मी दरवर्षी व्होलर हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ शिकवायचे. १८२८ साली त्यानं अमोनियम सायनेटपासून युरिया बनवला, आणि सेंद्रिय पदार्थ फक्त सजीवांतच तयार होतात या समजुतीला पहिला मोठा तडा गेला. हा व्होलर १८३६ पासून १८८२ पर्यंत, मरेपर्यंत, ग्योटिंगेनलाच प्राध्यापक होता. शहरात त्याचा पुतळा आहे. पहिल्याच रविवारी मी तिथे गेले. सेहेचाळीस वर्षं एकाच विद्यापीठात! त्याचा दाखला किती सोपा असेल, हाच पहिला विचार माझ्या डोक्यात आला. कुर्ल्याला शिकवलेल्या एका मुलाला फोटो पाठवला, त्याचं उत्तर आलं, "मॅडम, हा परीक्षेत चार मार्काला यायचा."

तेव्हा त्या वाचकांना माझं म्हणणं असं की, सोडून गेलेल्यांचा हिशेब जरूर करा, पण राहिलेल्यांचाही एकदा होऊ द्या. हा दाखला परदेशी जाणाऱ्यांनाच लागतो असं नाही. इथे कायम जागेची जाहिरात निघाली तरी छाननीत अनुभव विचारतात, गृहकर्जाला बँक विचारते, परगावी नवऱ्याची बदली झाली की तिथलं कॉलेज विचारतं.

मागणी अर्ध्या पानाची आहे. दरवर्षी मार्चअखेर, नेमणूक संपते त्याच दिवशी, प्रत्येक कॉलेजानं तासिका तत्त्वावरच्या प्रत्येक शिक्षकाला न मागता एक कागद द्यावा. त्यावर नाव, विषय, वर्ग, नेमणुकीची पहिली तारीख, शेवटची तारीख, आठवड्याचे तास आणि पूर्ण भार १६ तास धरून त्याचे टक्के असावेत. प्राचार्यांची सही, शिक्का, जावक क्रमांक. सरकारला यात एक रुपयाचा खर्च नाही, आणि 'वेळोवेळी' हा शब्द त्यात कुठेही येऊ नये. विद्यापीठांनी एकच नमुना ठरवून दिला तर भाषांतरकारांचेही आशीर्वाद मिळतील. माझ्यासाठी केलेला नमुना मी त्या सहकारी मैत्रिणीला दिला आहे, तिनं तो टाइप करून दोन कॉलेजांत नेला. एका ठिकाणी 'बघू' म्हणाले.

तिसरं कॉलेज तिचंही होतं. तिथल्या मामांना फोन केला तर कळलं, ते येत्या मार्चमध्ये निवृत्त होत आहेत. कुठल्या वर्षाचं मस्टर कुठल्या गोणीत आहे, हे सध्या त्यांनाच ठाऊक आहे.

आपली,
एक माजी सीएचबी प्राध्यापिका
कन्नमवारनगर, विक्रोळी (पूर्व)

(नाव छापू नये ही विनंती. मैत्रिणीचे दोन दाखले अजून यायचे आहेत.)